पहिला घाव कोणाचा

शाळू, म्हणजे थंडीतली ज्वारी, कापत नाहीत, उपटतात. ताट बुडाशी दोन्ही हातांनी धरायचं, कंबर मागं टाकायची आणि हिसका द्यायचा. मुळं सुटताना आवाज होतो, कट्ट असा. जमीन कडक असली की तळहाताची सालटं निघतात आणि ताटाला रक्त लागतं. पन्नास वर्षं हा आवाज ऐकत आले, त्याचं काही वाटलं नाही. यंदा माघ सरायला आला, शाळूची पानं वाळून करकरायला लागली, मी पहिलं ताट उपटलं आणि हात थांबला. गेल्या सुगीत शेजारणीच्या पोराचा, संभाचा हात मोडला तेव्हा असाच आवाज झाला होता. मोडणारा माझा मुलगा होता.

सुगी म्हटलं की आता लोकांना हुरडा आठवतो. गाड्या घेऊन येतात, बांधावर बसून खातात, कणीस गालाला लावून फोटो काढतात. खाऊ दे. मला सुगी म्हटलं की फाटलेले हात आठवतात, कडब्याच्या गंजीत निघालेली घोणस आणि तिचं ठेचलेलं डोकं आठवतं. खळ्यावर रास पडायची तेव्हा आमच्या घरात मारामारी ठरलेली असायची. सगळं घर दमलेलं, आणि दमलेला पुरुष बायकोवर हात टाकतो. माझा नवरा टाकायचा. सासू जातं फिरवत असली की शेजारच्या घरात ऐकू जात नसे, म्हणून तो दळणाची वेळ साधायचा. हे मी रडायला लिहीत नाही. होतं ते असं होतं.

माझं माहेर आष्ट्याकडचं. उसाचा मुलूख, पाटाचं पाणी, चिखल. चौथी झाली आणि शाळा सुटली, पुढं लग्न होऊन औंधाच्या पूर्वेला या कोरड्या माळावर आले. माझ्या रानाला लागून ठकूबाईचं रान. ती वस्तीवरची, मेंढरंवाल्यांच्या घरातली, माझ्याच वयाची. गाव आणि वस्ती यांच्यामध्ये गायरान आणि गायरानात एक विहीर. माझा शाळू पाडायला ठकू येते, तिचा पाडायला मी जाते. याला सावड म्हणतात. कोण किती दिवस आलं ते मोजत नाहीत. मोजायला लागलं की सावड मोडते.

दळायलाही आम्ही एकत्र बसायचो. तिच्या सासूच्या घरी जातं मोठं होतं, पाचसहा बाया आळीपाळीनं खुंट्याला हात लावायच्या. ओवी कोणी केली असं तिथं विचारत नसत. एकीनं पहिली ओळ म्हणायची, दुसरीनं दुसरी लावायची, तिसरीला चाल अडखळल्यासारखी वाटली तर ती शब्द फिरवायची. महिन्याभरानं ओवी कोणाचीच नसायची. एक रिवाज मात्र पक्का. ओवीत भावाचं नाव येतं तिथं म्हणणारीनं आपल्या भावाचं नाव घालायचं. मी म्हटली की रघू. दुसरीनं म्हटली की तिचा शंकर. ओवी तीच, भाऊ जिचा तिचा.

ठकूला भाऊ नव्हता. तिची पाळी आली की त्या जागेवर ती गप्प व्हायची आणि नुसतं जातं घरघरायचं. एकदा एक बाई म्हणाली, “हिच्या ओवीला भोक हाय गं.” बाया हसल्या. ठकूनं खुंटा सोडला आणि त्या बाईच्या अशी कानाखाली वाजवली की तिच्या नाकातून रक्त आलं. दुसऱ्या दिवशी ठकूनं त्या जागेवर नाव घातलं. बिरू. कोणी हसलं नाही.

दोघीच असताना मी विचारलं, “हा बिरू कोण?”

“असता तर बिरू असता,” ती म्हणाली. “तू कुणाला बोलू नको.”

मी बोलले नाही. त्या बाया एकेक करून मेल्या. ठकूला संभा झाला, त्याला तिनं सांगितलं की तुझा मामा मेंढरं घेऊन पाटणच्या खाली कोकणात उतरला तो परत आलाच नाही. पोरगा त्या मामावर वाढला. घाटाकडं बघून मामाला हाका मारायचा. मामा नव्हता हे ठाऊक असलेली, ठकू सोडून, जगात एक मीच उरले.

आता विहिरीचं. आमच्या तरुणपणी मोठा दुष्काळ पडला. जनावरं दावणीलाच मेली, पुरायला ताकद नाही म्हणून ओढ्यात ओढून टाकली, आणि गावभर तोच वास. पुरुष मुंबईला गेले, पलटणीत होते ते तिकडंच राहिले, मेंढरंवाले खाली उतरले. दुष्काळी कामावर राहिल्या बाया. गायरानात विहीर धरली. सुरुंग लावायला एक माणूस बाहेरून यायचा, बाकी दगड फोडणं आणि टोपल्या वाहणं आमच्याकडं, गावच्या आणि वस्तीच्या एकाच रांगेत. पारू म्हणून एक होती, तिच्या पायावर दगड आला आणि तीन बोटं चपलेतच राहिली. एकीचं पाचव्या महिन्याचं पोट टोपली उचलताना पडलं. ते तिथंच गाळाखाली पुरलं. तिसऱ्या दिवशी ती परत रांगेत होती. पाणी लागलं तेव्हा कोणी नाचलं नाही. आम्ही वाकून प्यालो, गढूळच. पुढं दळताना ओवी झाली:

माळाला खणली विहीर, पाणी लागलं खडकाला
माझ्या रघू बंधवानं पहिला घाव घातला दगडाला

ठकू म्हणायची, माझ्या बिरू बंधवानं. रघूनं ती विहीर बघितलीसुद्धा नव्हती. आम्हाला त्यात काही खोटं वाटलं नाही. ओवीत भाऊ असायचाच. तो कामावर असायची गरज नव्हती.

माझी सून मनीषा अंगणवाडीत आहे. ती एका शिबिराला सांगलीला गेली आणि डोक्यात वारं घेऊन आली. जे सगळ्यांनी मिळून केलं ते सगळ्यांसाठी मोकळं ठेवायचं. तिनं आणि गाव-वस्तीच्या आठ बायांनी मिळून फोनवर आम्हा म्हाताऱ्यांच्या ओव्या भरल्या, मग लिहून काढल्या आणि नेटवर सगळ्या जगाला दिसतील अशा ठेवल्या. नाव दिलं मोकळी वही. कोणीही वाचावं, घ्यावं, म्हणावं, चुकलं असेल तर दुरुस्त करावं. अट एकच, बदललेलंही मोकळंच ठेवायचं. आणि कोणी काय पुसलं, काय घातलं, ते त्या वहीला लक्षात राहतं. मला तिनं दाखवलं तेव्हा मी म्हणाले, “हे तर जात्यावर होतंच की. त्याला फोन कशाला?”

“जात्यावर आता कोण बसतंय, आत्या?” ती म्हणाली. ते खरं होतं.

पुढं एका मिरवणुकीत आमची ओवी डीजेवर वाजली. पुढाऱ्याचं नाव घालून. तेव्हापासून माझ्या उंबऱ्यावर भांडण बसलं ते उठलंच नाही. माझा मुलगा सर्जेराव पलटणीतून रिटायर होऊन आलेला. संभा बी.ए. झालेला, मेंढरं विकून ट्रॅक्टर घेतलेला. दोघं लहानपणापासून एका ताटात जेवलेले.

सर्जेराव म्हणाला, “ज्या चौकीवर पहारा न्हाई ती चौकी दुश्मनाची. कुलूप लावा. गावाचं नाव टाका, म्हणजे कुणी हात लावणार न्हाई.”

“गावाचं व्हय?” संभा म्हणाला. “वस्तीच्या बाया कुठं गेल्या मग?”

“तुला तर मोकळंच पायजे असंल.”

“मला मोकळं बी नको. गायरान मोकळं हुतं, तवा काय झालं रं? ज्याच्या दावणीला जास्त बैल, त्यानं नांगरून घेतलं. आमच्या मेंढरांना राहिला रस्ता. मोकळं म्हणजे दांडग्याचं.”

मनीषा भाकरी थापत आतून बोलली, “आणि कुलूप लावलं तर किल्ली कुणाच्या कमरेला? बाईच्या तर नसंल.”

“तू गप बस,” सर्जेराव म्हणाला. ती गप्प बसली नाही. तो उठला, तिच्या हातातली परात लाथेनं उडवली आणि हात वर केला. मी चुलीतलं जळतं लाकूड ओढून त्याच्या तोंडासमोर धरलं.

“तुझ्या बापाचा हात धरायची माझ्यात ताकद नव्हती,” मी म्हणाले. “तुला भाजते.”

तो मागं सरला. संभा खाली बघत होता. पिठात राख पडली ती आम्ही तशीच मळली.

ते एवढ्यावर थांबलं असतं. पण पंचायतीनं त्या विहिरीचा गाळ काढून पाणी नळानं न्यायचं ठरवलं, आणि विहिरीवर पाटी लावायची, विहीर कोणी खोदली त्याची. निवडणूक तोंडावर होती. पाटी ज्यांची, पाणी आधी त्यांचं, हे न सांगता सगळ्यांना कळलं. कागद तर कोणाकडं नव्हता. मग कोणीतरी म्हणालं, वहीत लिहिलंय की. वहीत मनीषानं माझी ओवी लिहिली होती, रघूच्या नावाची. गावाची पोरं म्हणाली, हा पुरावा. वस्तीवर संध्याकाळपर्यंत कळलं. संभानं आईची ओवी लहानपणापासून ऐकलेली. त्यानं रघू पुसून बिरू घातलं.

सकाळी रघू, जेवणवेळी बिरू, दिवे लागायला पुन्हा रघू. शाळू रानात वाळून कणसं गळायला आली आणि बाप्ये बांधावर बसून फोनवर भाऊ बदलत होते. एकाला रघू कुठल्या गावचा हे माहीत नव्हतं, दुसऱ्यानं बिरूला पाहिलं नव्हतं, आणि दोघं एकमेकांच्या आयाबहिणी काढत होते. मनीषा म्हणायची, “दोन्ही ठेवा की. एका खाली एक.” तिला दोन्हीकडून शिव्या. शेवटी गावातल्या कोणी तरी बिरूच्या जागेवर नाव घातलंच नाही, शिवी घातली. ठकूच्या ओवीत.

त्या दिवशी मी ठकूच्या रानात कणसं खुडत होते. विहिरीकडून आरडाओरडा आला. आम्ही पोचलो तोवर काठ्या चालल्या होत्या. एकाचा कान फाटून लोंबत होता आणि तो तसाच दगड मारत होता. एकजण गुडघ्यावर बसून दात थुंकत होता. एकानं दुसऱ्याचं डोकं विहिरीच्या काठावर धरलं होतं, आमच्याच हातानं बसवलेल्या दगडावर, आणि आपटत होता. सर्जेरावच्या हातात कुदळीचा दांडा होता. संभानं डोकं वाचवायला हात वर केला. दांडा कोपराच्या वर बसला. हाड कातड्यातून बाहेर आलं, पांढरं, त्यावर रक्त नंतर आलं. सर्जेरावनं दांडा पुन्हा उचलला. मी त्याच्या मनगटाला चावले. तोंडात चार दात उरलेत, ते सगळे लावले. दांडा पडला.

ठकू ओरडली नाही. तिनं आपला पदर फाडला आणि हात बांधायला लागली. संभा तिच्या मांडीवर पडून म्हणत होता, “आये, मामाला शिवी दिली. मामाला दिली.” ठकूनं माझ्याकडं बघितलं. मी नजर काढून घेतली.

संभाला साताऱ्याला नेलं, हातात स्टीलची पट्टी घातली, हात वाकडाच बसला. सर्जेराववर केस झाली. जामिनावर आला आणि मग गावच्या आणि वस्तीच्या जाणत्यांनी ठरवलं, विहीर खोदणाऱ्यांतल्या दोघीच म्हाताऱ्या जिवंत आहेत, त्यांना देवळात सगळ्यांसमोर विचारायचं. त्या सांगतील ते नाव पाटीवर, तेच वहीत, आणि वहीला कुलूप. वस्ती खोटी ठरली तर तिनं तक्रार मागं घ्यायची, गाव खोटं ठरलं तर त्यानं मारामारीचा दोष घ्यायचा.

म्हणजे माझ्या एका वाक्यावर माझा मुलगा सुटत होता. ते वाक्यही माझ्याकडं होतं. ठकूला भाऊच नव्हता. एवढं बोलायचं की वस्ती खोटी, तक्रार खोटी, संभाचा मामा खोटा.

सर्जेराव माझ्या पायाशी बसला. “आई, जास्त काय बोलू नको. रघूमामा एवढंच म्हण.”

“रघूमामानं या गावात दोनच कामं केली,” मी म्हणाले. “मला सोडायला आला आणि तुझ्या बापाच्या दहाव्याला जेवून गेला.”

“मग मी जाऊ का जेलात?”

“हाड मोडलंस तेव्हा मला विचारलं होतंस?”

तो उठून गेला. त्या रात्री तो जेवला नाही, मीही नाही. ठकू माझ्याकडं आली नाही. सांगू नको, माझं झाक, असं म्हणायला ती आली नाही. मी तिच्या जागी असते तर आले असते.

देवळात मी आधी उभी राहिले. सरपंचानं विचारलं, “आजी, पहिला घाव कुणाचा? रघूचा का बिरूचा?”

मी म्हणाले, “माझा रघू विहिरीवर कधी आला न्हाई. ओवीत भावाचं नाव घालत्यात म्हणून घातलं. ठकूचा बिरू मेंढरामागं कोकणात हुता. त्यानं बी घाव घातला न्हाई. विहीर बायांनी खांदली. पहिला घाव कुणाचा ते आमच्यात कुणी बघितलं न्हाई. हाताला फोड आले हुते, ते बघत हुतो.”

निम्मं खरं सांगितलं, निम्मं तिच्यासाठी झाकलं. मला वाटलं, झालं.

झालं नाही. माझीच माणसं म्हणाली, म्हातारी भ्रमिष्ट झाली. वस्तीवाले म्हणाले, मुलाला सोडवायला मामाला खोटं पाडते. संभा उठला. एक हात गळ्यात बांधलेला. दुसऱ्या हातात त्यानं पायरीजवळचा दगड उचलला. “माझा मामा हुता,” तो म्हणाला. “त्यानं घाव घातला. माझ्या आईनं शंभरदा सांगितलंय.” सर्जेराव पुढं झाला. काठ्या पुन्हा हलल्या. देवळाच्या दारात बाया मागं सरल्या आणि एकमेकींवर पडल्या.

ठकू बसल्या जागेवरून उठली, चालत संभापाशी गेली.

“दगड टाक,” ती म्हणाली. “मला भाऊ न्हवता.”

“आये, काय बोलतीयास?”

“कवाच न्हवता. दळता दळता केला मी त्याला. नाव पायजे हुतं.”

मग गावच्या बाजूनं एकजण हसला, मोठ्यानं. “घ्या, नसलेला मामा.” ठकूनं संभाच्या हातातला दगड घेतला आणि त्या माणसाच्या तोंडावर मारला. त्याचा ओठ फाटला. त्या हंगामातला तो शेवटचा घाव, आणि तेवढाच मला पटलेला. पुन्हा कोणी हसलं नाही. कोणी काठीही उचलली नाही. कशासाठी उचलायची, तेच राहिलं नव्हतं.

पाटी लागली नाही. बायांची नावं घालू म्हणून मनीषा म्हणाली, तर बाप्यांना एवढ्या नावांना पाटीचा दगड पुरेना. वही मोकळीच आहे. त्या ओवीत भावाच्या जागेवर मनीषानं काही लिहिलं नाही, जागा सोडली. कोण कोण येऊन आपल्या भावाचं नाव घालून जातं, कोल्हापूरचं, कुठलं कुठलं. सर्जेराव अजून म्हणतो कुलूप लावा. संभा अजून म्हणतो मोकळं म्हणजे दांडग्याचं, आणि गायरानाचं त्याचं बोलणं खोटं नाही. मनीषा दोघांशी भांडते. भांडू देत. तोंडानं भांडतायत तोवर मी मध्ये पडत नाही.

तक्रार संभानं मागं घेतली नाही. घे असं मी त्याला सांगितलंही नाही. हात त्याचा वाकडा झालाय. सर्जेराव तारखेला जातो आणि येतो. संभा आईशी चार महिने बोलला नाही. आता बोलतो, पण कामापुरतं. मामाचं नाव काढत नाही.

यंदा ठकू सावडीला आली. तिच्या रानातला शाळू अजून हिरवा आहे, माझा आधी आला. दोघी एका ओळीत होतो, ती डावीकडं. आम्ही उपटत होतो, पेंढ्या टाकत होतो, ऊन वर येत होतं. मी वर्षभर विचारलं नव्हतं ते विचारलं.

“मी झाकलं हुतं की तुझं. कशाला बोललीस?”

तिनं ताट उपटलं, मुळांची माती पायावर झटकली, पेंढीवर टाकलं.

“नसलेल्या माणसापायी पोराचा एक हात मोडला,” ती म्हणाली. “दुसरा अजून शाबूत हुता.”